बेगमची वैद्यकीय रजा

माझ्या घरमालकांचा माणसांच्या आजारपणावर विश्वास नव्हता. भोपाळजवळ मिसरोदला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी राहायला गेले त्याच महिन्यात मला ताप आला. दोन दिवस कारखान्यात गेले नाही, तेव्हा ते जिना चढून वर आले. माझ्या कपाळाकडे न बघता त्यांनी टेबलावरच्या गोळ्यांचं पाकीट उचललं, त्यावरची तारीख वाचली आणि विचारलं, "मेडिकल कोणी दिलं?"

मी म्हटलं, "काका, साधा व्हायरल आहे. डॉक्टरकडे गेलेच नाही."

"मतलब कागद नाही," ते म्हणाले आणि खाली गेले. थोड्या वेळाने काकूंच्या हाती मऊ भात आणि मेतकूट वर आलं, पण काकांच्या लेखी मी ते दोन दिवस विनापरवानगी गैरहजर होते. पुढे कधी माझ्या तब्येतीचा विषय निघाला की ते त्या तापाचा उल्लेख "तुमचा तो तथाकथित" असा करत.

एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत त्यांची सगळी नोकरी झाली होती, आणि त्यातली बहुतेक वर्षं रजेच्या टेबलावर. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा त्यांचे वडील फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले. हे भोपाळातच जन्मले, इथेच बाबू झाले, मग बडे बाबू झाले आणि बडे बाबू म्हणूनच निवृत्त झाले. कॉलनीत सगळे त्यांना बडे बाबूच म्हणत. मी पुण्याची, म्हणून काका म्हणायची. कुणाची कावीळ खरी, कुणाची पाठदुखी मेहुण्याच्या लग्नापुरती, हे ते अर्जाच्या घडीवरून ओळखत असत, असं ते स्वतः सांगत. अंगाने इतके बारीक की शर्टाच्या आत कुणीतरी असावं असा फक्त अंदाज करावा लागे. काकूंनी विचारलं की आज भाजी कुठली करू, तर म्हणत, "प्रकरण विचाराधीन आहे." घरात गॅसच्या सिलिंडरची फाईल होती, पाण्याच्या टाकीची फाईल होती, आणि मी गेल्यापासून माझीही एक होती. तोंडी आदेशावर काम होत नाही, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव ठाम मत. काकूंनी किराणा तोंडी सांगितला तर ते पिशवी घेऊन तसेच उभे राहत.

त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला माझ्या अंगावर काटा यायचा. "मॅडम, तुम्ही आज लवकर निकलून राहिल्या का?" असं ते विचारत. क्रियापद नागपूरचं, शब्द भोपाळचा, आणि मधे कुठेतरी मराठी. मी मनातल्या मनात वाक्य दुरुस्त करून मगच उत्तर द्यायची. माझं मराठी शुद्ध होतं आणि मला त्याचा माज होता. हिंदी मला येते असाही माझा समज होता, कारण पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाचा तो असतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्या माजानेच झालं.

दर रविवारी मी घोड्यावर बसायला शिकायला जात असे. मिसरोदच्या पुढे, मंडीदीपच्या रस्त्याला आत वळून गेलं की पत्र्याच्या छपराचा एक तबेला होता, सहा घोडे आणि समोर वाळूचं रिंगण. घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदारसाहेब तो चालवत. मला मिळायची ती बेगम. तांबूस रंगाची, मध्यम वयाची घोडी, नावाप्रमाणे वागणारी. होळीच्या आसपासच्या एका रविवारी दुलकीत चालताना माझ्या खाली तिची लय चुकली. पुढचा डावा पाय टेकला की मान वर जायची. मी घाबरून उतरले. दोन दिवसांनी जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं की नळीच्या हाडामागे दोरीसारखा जो लिगामेंट असतो तो फाटला आहे. आठ महिने, कदाचित नऊ. आधी पूर्ण विश्रांती, मग हाताने धरून पाच पाच मिनिटं चालवणं, आणि सगळं नीट झालं तर शेवटी पाठीवर माणूस.

रिसालदारसाहेब वाईट माणूस नव्हते. पण खण सहा होते, घोडे सहा होते, आणि आठ महिने एका पाहुणीला सांभाळायला हात नव्हते. जुन्या भोपाळातला एक बारातवाला तिला मागत होता. "बारात में तो बस चलना ही है," ते म्हणाले. हे बोलताना ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. वरातीत चालणं म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक होतं. बँडच्या तालावर डांबरावर तीन तास गुडघे उचलायचे, पाठीवर नवरदेव, पुढ्यात त्याचा भाचा. बेगमचा पाय पहिल्याच लग्नात कायमचा गेला असता.

हे सगळं मी घरी येऊन चहाच्या टेबलावर सांगितलं. काकू हळहळल्या. काका पेपर वाचत होते. घोडा, पाय, लिगामेंट यातल्या कशानेही पेपर हलला नाही. मी "काढून टाकणार आहेत तिला" म्हणाले तेव्हा तो खाली आला.

"आजारी आहे ना ती?"

"हो."

"कामावर असताना लागलं?"

"मी वर बसले होते, काका."

"मग काढता येत नाही," ते म्हणाले. "ड्युटीवर लागलं. बीमार कर्मचाऱ्याला काढून टाकणं नियमातच नाही."

"घोडी आहे ती."

"मग?" त्यांनी विचारलं आणि पेपर घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तेव्हा ते स्कूटरवर बसून माझी वाट बघत होते. पायाशी पिशवी होती आणि पिशवीत एक कोरी फाईल.

रिसालदारसाहेबांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ग्यारसपर्यंत मुदत द्या, असं काकांचं म्हणणं होतं. देवउठनी ग्यारसला, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीला, इकडे लग्नांचा मोसम सुरू होतो, तोवर बारातवाल्यालाही घोडी नकोच आहे. तोवर पाण्यापासून पट्टीपर्यंत सगळं मी करतो. ग्यारसला ती माणूस घेऊन चालली तर इथेच राहील, नाही चालली तर तुमची मर्जी.

"बाबूजी, घोड़े का काम आता है आपको?"

"छुट्टी का आता है," काका म्हणाले.

रिसालदारसाहेब हसले आणि हो म्हणाले. गंमत म्हणूनच म्हणाले असावेत. हा माणूस आठवड्याभरात कंटाळेल असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं होतं.

काकांनी आयुष्यात जनावराला हात लावलेला नव्हता. कॉलनीतल्या कुत्र्यालाही ते "सरका जरा" असं आदरार्थी बोलत, कारण त्याची ग्रेड माहीत नाही म्हणत. बेगमसमोर ते दोन हात अंतरावर उभे राहिले, चष्मा पुसला आणि स्वतःची ओळख करून दिली, नाव आणि हुद्दा दोन्ही, हिंदीत. बेगमने त्यांच्या खिशातला रुमाल ओढून खाली टाकला. तेव्हापासून शेवटपर्यंत ते तिला "आप" म्हणत राहिले. "बेगम, आप ज़रा पैर इधर कीजिए," म्हणत पाण्याचा पाइप घेऊन पायाशी बसायचे. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं गार पाण्याची धार. मनगटावरचं घड्याळ काढून समोर खिळ्याला लावत. वीस म्हणजे वीस. बेगमला एकोणिसाव्या मिनिटाला झोप लागली तरी एक मिनिट उरायचं ते उरायचंच.

पट्टी बांधणं त्यांना महिनाभर जमलं नाही. खाली कापूस, वर पट्टी, ओढ सगळीकडे सारखी, आणि दुखऱ्याइतकीच चांगल्या पायालाही, कारण सगळा भार तोच घेत असतो. ओढ कमीजास्त झाली तर पट्टीच पायाला इजा करते. म्हणून ते घरी सराव करत. आधी जेवणाच्या टेबलाच्या पायांवर केला. पट्टी आवळली तरी टेबल बोलत नाही, म्हणून मग स्वतःच्या नडगीवर केला. एका दुपारी दोन्ही पायांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्ट्या बांधून ते दूध घ्यायला फाटकापाशी गेले. संध्याकाळपर्यंत अर्धी कॉलनी फळं घेऊन विचारपूस करायला येऊन गेली. काकांनी प्रत्येकाला बसवलं, चहा दिला आणि बजावून सांगितलं की ते स्वतः पूर्णपणे कामावर आहेत, रजेवर दुसरंच कुणी आहे.

काकूंची वेगळीच पंचाईत होती. नागपूरहून बहिणीचा फोन आला आणि भाऊजी कुठे आहेत म्हणून विचारलं, की त्या थंडपणे सांगत, "बेगमकडे. रोज पहाटे उठून जातात. संध्याकाळी परत जातात." पलीकडे जी शांतता पसरायची ती त्या मजेत ऐकून घेत आणि मग विषय बदलत.

काकांच्या खिशात शिंप्याची टेप आली ती याच काळात. रोज सकाळी नळीच्या हाडाच्या मध्यावर दोन्ही पायांचा घेर मोजायचा आणि फाईलमध्ये लिहायचा, डावा अमुक, उजवा तमुक. याला ते हजेरी म्हणत. फरक कमी झाला की त्या दिवशी स्कूटरवर शीळ घालत घरी येत. काकू म्हणत, लग्नात यांनी शीळ घातली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ती गोष्ट. डॉक्टरसाहेब सरकारी नोकरीतले, भोवतीच्या गावांमधून सतत फिरतीवर. काकांना लेखी आदेश हवा, आणि डॉक्टरांना लिहायला वेळ नाही. म्हणून अशी पद्धत पडली की डॉक्टर मला फोनवर सांगणार, मी कागदावर नीट मराठीत उतरवणार, तारीख घालून सही करणार, आणि काका तो कागद फाईलला लावून अंमलात आणणार. मला या कामाचा अभिमान होता. माझे कागद स्वच्छ असत.

सहावा आठवडा संपत आला होता. बेगम अजून खणातच होती, दिवसभर उभी किंवा बसलेली, एक पाऊल बाहेर नाही. डॉक्टरांचा फोन आला. गाडीत असावेत, आवाज तुटत होता. त्यांनी विचारलं, "मैडम, घोड़ी को आराम है?"

मी उत्साहाने सांगितलं, "जी हाँ, पूरा आराम है. दिनभर आराम ही आराम है."

"अरे वाह. इतनी जल्दी? बहुत बढ़िया. तो फिर चलाना शुरू करवा दीजिए. कल से बीस मिनट. मैं दस दिन में आके देखता हूँ, फिर दुलकी करवाएँगे."

मी लिहिलं, "उद्यापासून रोज वीस मिनिटे चालवणे. दहा दिवसांनी तपासणी, त्यानंतर दुलकी. डॉक्टरांच्या आदेशावरून." सही केली आणि खाली नेऊन दिला.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग फाईल उघडून त्या सकाळची हजेरी बघितली. "मॅडम, टेप तर वेगळंच सांगून राहिली. डाव्याची सूज आहे अजून."

"काका, डॉक्टर स्वतः म्हणाले. खूश होते."

"खूश होते का?" त्यांनी विचारलं. कागद पुन्हा बघितला. तारीख होती, सही होती. एकदा टेपकडे, एकदा कागदाकडे त्यांनी बघितलं. मग त्यांनी कागद फाईलला लावला.

चौथ्या दिवशी बेगमने डावा पाय जमिनीला टेकवला नाही. नळीचं हाड गरम झालं होतं आणि ती हात लावू देत नव्हती. डॉक्टर धावत आले, पायाकडे बघितलं आणि आवाज चढवून म्हणाले, "किसने कहा था चलाने को?"

"आपने," मी म्हणाले.

"मैंने पूछा था आराम है? आपने कहा पूरा आराम है."

"हाँ, तो था ना पूरा आराम," मी म्हणाले. "सहा हफ्ते खण से बाहर नहीं निकली वो."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. दोघांनाही समोरचा माणूस वेडा आहे असं वाटत होतं. दोन्ही भाषांत राहणारा तिथे एकच जण होता आणि तो बेगमच्या पायाशी बसला होता. काका हळूच मराठीत म्हणाले, "मॅडम, इकडे आराम आहे म्हणजे दुखणं गेलं. तब्येत सुधारली. तुम्ही त्यांना सांगितलं की ती पूर्ण बरी झाली."

मला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं. ज्यांच्या क्रियापदांवर मी नाक मुरडत होते त्या माणसाने हा फोन घेतला असता, तर बेगम आज चार पायांवर उभी असती. काका आता पिशवीतून माझा कागद काढतील, डॉक्टरांपुढे धरतील आणि सही कुणाची आहे ते दाखवतील, असं मला वाटलं. दाखवायलाच हवी होती. कागद त्यांनी काढला खरा, पण घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. मग उठून उभे राहिले. "गलती मेरी है, डॉक्टर साहब," ते म्हणाले. "टेप मेरे हाथ में था."

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. पाणी, पट्टी, खण. डॉक्टर जाताना म्हणाले की आता ग्यारस गाठणं कठीण आहे, पुन्हा एक चूक झाली तर विसरा. रिसालदारसाहेबांनी बारातवाल्याचा नंबर तबेल्यातल्या तक्त्यावरून पुसला नव्हता, तो मी जाता-येता बघत असे.

त्या आठवड्यात एकदा मी माफी मागायला खाली गेले. चांगली दोन-तीन वाक्यं जुळवून गेले होते. काकांनी ती पुरी होऊ दिली नाहीत. काकू आत कणीक मळत होत्या. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आमच्या सेक्शनला एक चपराशी होता. मोटरसायकलवरून पडला, पायाचं हाड गेलं. अर्ज आला माझ्याकडे. मेडिकल दुसऱ्याच फॉर्मवर होतं. मी परत पाठवला. नियमात एकदम बरोबर होतं ते, कोणी बोट नाही लावू शकत. तो घाबरून ड्युटीवर आला. प्लास्टरसकट जिना चढून फायली नेत होता. रोज माझ्या टेबलासमोरून जायचा. मी बघून राहिलो होतो, मॅडम. मला दिसत होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाय वाकडाच राहिला त्याचा. नंतर त्याने योग्य फॉर्म आणून दिला, मी लगेच मंजूर केला."

मी टेबलावरचे चहाचे कप जवळ ओढले.

"फॉर्म चुकीचाच होता," ते म्हणाले. आतून कणीक आपटल्याचा आवाज येत होता, तो थांबला होता. मला त्यांची दया आली आणि राग पण आला, आणि दोन्ही लपवायला मी चहाचे कप उचलून मोरीत नेऊन ठेवले.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एकही कागद मागितला नाही. डॉक्टरांना ते स्वतःच्या फोनवरून स्वतः विचारायला लागले, तोंडी. पण आधी पायाला विचारायचे. टेप लावायचे, तळवा ठेवून ऊब बघायचे, मग दुसऱ्या पायाची बघायचे, मग फोन. पायाने नाही म्हटलं तर डॉक्टरांच्या हो ला ते "जी, जी" म्हणत आणि आणखी दोन दिवस थांबत. फाईल जाड होत गेली, पण आता तिच्यात आदेश नव्हते, नुसती हजेरी होती.

आषाढात चालणं सुरू झालं. पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात दहा. वाळू भुसभुशीत, तिथे पाय रुतून ताण पडतो, म्हणून तबेल्यामागच्या सिमेंटच्या सपाट गल्लीत. काका दोरी धरून पुढे, बेगम त्यांच्या उजव्या खांद्याशी. चालता चालता ते तिला जुनी प्रकरणं सांगत. अमक्याने एकाच आजीला तीनदा मारून तीनदा रजा घेतली, तमक्याच्या हृदयविकाराच्या दिवशी त्याचा फोटो क्रिकेटच्या संघात पेपरात आला. बेगम कान हलवत ऐकायची. पावसात छत्री दोघांच्या मध्ये धरायचे, म्हणजे दोघंही अर्धे भिजायचे. गल्लीत वळायला जागा कमी होती आणि आखूड वळण त्या पायाला चालत नव्हतं, म्हणून टोकाला गेल्यावर ते पुढच्या बंगल्याच्या अंगणातून मोठा फेरा घेत. त्या बंगल्यातल्या आजी आधी ओरडल्या, मग रोज फाटक उघडून ठेवायला लागल्या.

इतके महिने बसून खाणाऱ्या घोडीला मस्ती येते. एकदा मागच्या शेतात ट्रॅक्टर सुरू झाला आणि बेगम उधळली. काका पाय घसरून चिखलात पडले, पण दोरी सोडली नाही. पाठीवर फरफटत चार हात गेले. घोडी सुटून धावली असती तर सगळं संपलं असतं, हे त्यांना पडतानाही कळत होतं. थांबल्यावर ते उठले, आधी पायाला टेप लावली, मग स्वतःचा चष्मा शोधला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कारण बताओ नोटीस बजावली. टाईप करून आणली होती. खणासमोर उभं राहून त्यांनी ती गंभीर आवाजात वाचून दाखवली, सात दिवसांत उत्तर मागितलं, आणि बेगमने कागदाचा कोपरा खाल्ला. "प्राप्त हुआ," असं फाईलमध्ये लिहिलेलं मी पाहिलं आहे.

नवरात्रात बारातवाला स्वतः बघायला आला. सभ्य माणूस, अत्तर लावलेला, मोबाईलमध्ये सजवलेल्या घोड्यांचे फोटो. बेगमच्या खणासमोर उभं राहून त्याने खालची झूल कुठली आणि वरचा तुरा कुठला ते सांगायला सुरुवात केली. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि चौकशी सुरू केली. वरातीत घोड्याला साप्ताहिक सुट्टी असते का, पाय दुखला तर कोण बघतं, बदली घोडा मिळतो का, अर्ज कोणाकडे करायचा. अर्ध्या तासाने तो माणूस घाम पुसत रिसालदारसाहेबांकडे गेला. "ये साहब कौन हैं?" त्याने विचारलं. रिसालदारसाहेब म्हणाले, "घोड़ी के बाबू हैं." हसले नाहीत मात्र. पण त्यांनीही ठणकावून सांगितलं की ग्यारस म्हणजे ग्यारस, एक दिवस जास्त नाही. बारातवाला ग्यारसच्या दुपारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

त्या सकाळी आम्ही सगळे तिथे होतो. काकूसुद्धा आल्या, बेगमला पहिल्यांदाच बघत होत्या. "बरी आहे दिसायला," एवढंच म्हणाल्या. सोनोग्राफी दोन दिवस आधी झाली होती आणि डॉक्टर समाधानी होते, पण पडद्यावर पाय बरा दिसणं वेगळं आणि माणूस घेऊन चालणं वेगळं. दहा मिनिटं, फक्त चाल, हलका माणूस. मान वर गेली की टेम्पो.

सगळ्यात हलके काकाच होते. रिसालदारसाहेब मानाने म्हणाले, "बाबूजी, पहला हक आपका." काका घोड्यावर कधीच बसले नव्हते. त्यांना लाकडी चौथऱ्यावर चढवून, दोघांनी धरून बसवलं. ते खोगिरावर ताठ बसले, समोर टेबल असल्यासारखे हात ठेवून. बेगम उभी राहिली. हललीच नाही. तिने मान वळवून त्यांच्या बुटाला नाक लावलं, मग पुढे बघितलं, जिथे रोज त्यांची पाठ असायची. तिथे कोणी नव्हतं.

"एड़ लगाइए, बाबूजी."

"क्या?"

"एड़ी. पेट पर हल्की सी एड़ी मारिए, चल पड़ेगी."

काकांनी खाली तिच्या पोटाकडे बघितलं. "हमसे नहीं होगा," ते म्हणाले. मिनिटभर ती उभी आणि हे बसलेले. बारातवाल्याचा टेम्पो दुपारी येणार होता, पण सगळ्यांनी एकदा रस्त्याकडे बघून घेतलं. मग त्यांना उतरवलं आणि रिसालदारसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

मला बसायचं नव्हतं. तिचा पाय गेला तेव्हा मीच वर होते आणि बरा होऊ घातलेला बिघडला तो माझ्या सहीने. मी टाच नुसती टेकवली. बेगम निघाली.

मोकळी, लांब पावलं टाकत निघाली. कान पुढे, मान सैल. मी खाली बघायची हिंमत केली नाही, फक्त तिच्या मानेकडे लक्ष ठेवून होते. मान वर गेली नाही. रिंगणाचा अर्धा फेरा झाला, पूर्ण झाला. काकांसमोरून आम्ही गेलो तेव्हा तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ पायाशी बसलेला माणूस कठड्याला धरून उभा होता, आणि ती त्याच्यावरून एका झाडावरून जावं तशी निघून गेली. मला तिचा इतका राग आला की मी दुसऱ्या फेऱ्याला तिला मुद्दाम कठड्याजवळ नेलं आणि लगाम ओढून थांबवलं. ती पलीकडे कोणाच्या तरी हातातल्या गाजराकडे बघत होती.

काका तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. वाकून डाव्या पायाकडे बघत होते. टाप टेकली, उचलली, टेकली, हे त्यांचे ओठ मोजत होते, आणि ती थांबल्यावरही मोजत राहिले होते. डॉक्टर मागून म्हणाले, "बाबूजी, बधाई हो. एकदम फिट." रिसालदारसाहेब फोन काढून बाजूला गेले, टेम्पो नको म्हणून सांगायला.

"काका," मी वरून म्हणाले, "हिने ओळखसुद्धा दाखवली नाही तुम्हाला."

त्यांनी चष्मा वर सरकवला. डोळे लाल झाले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. "पाय विसरली ती," ते म्हणाले. "एकदम विसरली, बघा. मग त्यात मी पण आलो ना."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"दहातले चार झाले, मॅडम," ते म्हणाले. "थांबू नका. सहा बाकी आहेत."